सोनेरी रंगवलेली आरी

फडकं काढलं तसा अख्खा हॉल हसला.

फडक्याखाली लाकडाची पाटी होती. पाटीवर आडवी बसवलेली एक आरी. चामडं शिवायची आरी, तिच्यावर सोनेरी रंग फवारलेला. खाली सुबक जर्मन अक्षरांत लिहिलेलं, 'शूस्टर देस यारेस'. वर्षाचा चांभार.

ऐंशीएक माणसं असतील. खेळाडू, त्यांच्या मैत्रिणी, काहींचे आईबाप. रविवारची दुपार. युनिव्हर्सिटीच्या मेन्झात, म्हणजे जेवणघरात, लांब टेबलं लावलेली, त्यांवर बटाट्याचं सॅलड आणि बिअरचे ग्लास. कुणीतरी शिट्टी मारली. माईक धरून केदार उभा होता. पुण्याचा केदार, संघाच्या कमिटीतला. त्यानेच फडकं ओढलं होतं. तो जर्मनमध्ये म्हणाला, "हे काम याला शिकवावं लागत नाही. ते याच्या रक्तातच आहे."

पुन्हा हशा.

मीही हसलो. हो, मीसुद्धा. आधी हसलो. हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात काही अर्थ नाही.

साल दोन हजार सात. गावाचं नाव सांगत नाही. गाव वाईट नव्हतं. मी तिथे मेकॅनिकलच्या मास्टर्सला होतो, सरकारी स्कॉलरशिपवर. हॉस्टेलच्या खोलीत भिंती खायला उठायच्या. अशातच नोटीस बोर्डावर कागद दिसला, युनिव्हर्सिटीचा अमेरिकन फुटबॉलचा संघ नवीन खेळाडू घेतोय. फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा तो नव्हे. लांबट चामड्याचा बॉल, डोक्याला हेल्मेट, खांद्यांवर पॅड, आणि धडाधड टकरा. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तालुक्याला मी कबड्डी खेळलेलो. कोपऱ्यावर उभा राहायचो. समोरून येणारा कुठल्या पायावर वळणार, ते मला त्याच्या कमरेवरून कळतं. ट्रेनरने पहिल्याच दिवशी तीन दांडगी पोरं माझ्या अंगावर सोडली. तिन्ही आडवी केली. "गेनाऊ!" ट्रेनर ओरडला. बरोब्बर. मला मधल्या बचावाला घेतलं.

त्या संघाचा एक रिवाज होता. ट्रेनर राल्फ दर सोमवारी सामन्याचा व्हिडिओ बघायचा आणि प्रत्येकाला चालीमागे चाल गुण द्यायचा. गुणांचा कागद चेंजिंग रूमच्या दारावर लागायचा. सीझन संपला की बचावाच्या यादीत जो सगळ्यांत वर, त्याला वर्षाचा बचावपटू म्हणून शील्ड. मत नाही, वशिला नाही, आडनाव नाही. व्हिडिओत जे दिसलं ते. मला ते फार आवडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, इथे फक्त मी काय केलं एवढंच बघतायत.

जुलैपासून माझं नाव वर होतं. शेवटचा सामना डार्मश्टाटला झाला, त्यानंतरही वरच.

मी अप्पांना फोन केला. अप्पा म्हणजे माझे वडील. एसटी स्टँडासमोर त्यांची टपरी आहे, चपला-बूट दुरुस्तीची. अप्पा म्हणाले, "शील्ड म्हंजी नेमकं काय असतंय रे? काचंचं का लाकडाचं?"

"लाकडाचं. त्यावर पितळी पत्रा. नाव कोरलेलं."

"पूर्ण नाव का?"

"पूर्ण. तुमचंबी."

पुढच्या रविवारी त्यांनी सांगितलं, टपरीत आरशाच्या बाजूला खिळा ठोकलाय. जड असलं तर दुसरा ठोकता येईल. आजूबाजूच्या चार टपऱ्यांना, दोन कंडक्टरांना आणि पोस्टमनला सांगूनही झालं होतं.

हे सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला मी तिथल्या मराठी पोरांना काय सांगितलं होतं? "वडिलांचं फूटवेअरचं शॉप आहे." आडनाव माझं असं, की त्यावरून चटकन कळत नाही. गावाकडच्या देशमुखांतही ते निघतं. मी लोकांना तसंच समजू द्यायचो. कुणी विचारलं, "कुठले रे तुम्ही?" की मी जिल्हा सांगायचो, हवा सांगायचो, रस्ते किती खराब ते सांगायचो. लाज वाटायची मला. बापाची नव्हे, असं मी स्वतःला समजावायचो. खोटं. बापाचीच वाटायची.

पण तोंड खोटं बोललं तरी हात बोलत नाहीत. मे महिन्यात सरावात चांगल्या बॉलची वादी तुटली. पोरं बुटाची नाडी ओवायला बघत होती. मला बघवेना. "आण इकडे," म्हणालो. बॅगेत आरी होती. निघताना अप्पांनीच दिलेली, मेणाच्या दोऱ्याच्या गुंड्यासकट. म्हणाले होते, परक्या मुलखात बॅगेचा पट्टा तुटला तर कुणाकडं जाशील? मी दहा मिनिटांत वादी ओवली, शेजारची उसवलेली शिवणही घेतली, मेण चोळून बॉल हातात घट्ट बसेल असा करून दिला. सगळे बघत राहिले. मला, खरं सांगतो, बरं वाटलं.

तिथेच चुकलो. पुढच्या मंगळवारी माझ्या बाकावर चार बॉल आणि खांद्यांच्या पॅडांचे सहा पट्टे आणून ठेवलेले. कुणी विचारलंसुद्धा नाही. नुसतं ठेवून गेले. मी नाही म्हणालो नाही. सगळा सीझन शिवत बसलो. आधी यांच्या हाडांना टकरा द्यायच्या, मग यांचे पट्टे शिवायचे.

केदार माझ्याजवळ येऊन बसला एकदा. तो संघात नावापुरता खेळायचा, कमिटीत मात्र पुढे पुढे. मी टाका घालत होतो, तो टाक्याकडे बघत होता.

"कुठे शिकलास रे?"

"असंच. आवड."

"आवड," तो म्हणाला. "हात सराईत आहे पण."

त्याला कळलं. आपल्याकडच्या माणसाला कळायला आडनाव लागत नाही. जर्मनांना सीझनभर कळलं नाही, याला एका टाक्यात कळलं.

सप्टेंबरच्या शेवटी दारावरचा गुणांचा कागद काढून टाकला. शील्डचं नक्की झालं का, ते विचारायला मी केदारकडे गेलो. कमिटीची मीटिंग आदल्या दिवशी झाली होती. तो म्हणाला, "तुला कशाला रे या चांभारचौकश्या?" आणि थांबला. माझ्याकडे बघितलं. शब्द तोंडातून निसटला म्हणून नाही थांबला. पोचला का ते बघायला थांबला. मग हसला. "कळेल ना रविवारी. तुझ्यासाठी काहीतरी स्पेशल आहे."

त्याच आठवड्यात माझी आरी सापडेना. बॅग उलटी केली, खोली उलटी केली. वाटलं, मैदानात पडली असेल. गवतात हात घालघालून शोधली. अप्पांना सांगायची हिंमत झाली नाही.

तर रविवार. आधी शील्डा झाल्या. वर्षाचा आक्रमक, वर्षाचा नवखा. मग वर्षाचा बचावपटू. मी खुर्चीतून अर्धा उठलोसुद्धा होतो. राल्फने नाव घेतलं टॉर्स्टनचं. टॉर्स्टन आमचा कप्तान, यादीत चौथा. मी तसाच अर्धा उठलेला बसलो, जणू पाय अवघडला होता. मग केदारने माईक घेतला, माझं नाव पुकारलं आणि फडकं ओढलं.

पुढे आलो, हसलो, पाटी हातात घेतली. फोटोसाठी कुणीतरी म्हणालं, वर धर. वर धरताना मूठ दिसली. लाकडी मूठ, अंगठा टेकतो तिथे खोलगट झिजलेली. तीस वर्षांत अप्पांच्या अंगठ्याने तो खळगा पाडलाय. माझ्या अंगठ्याला तो जरा मोठा होतो.

माझीच आरी. माझ्या बॅगेतून चोरलेली. बापाच्या हाताची आरी रंगवून, पाटीला डकवून, मलाच बक्षीस!

तळपायाची आग मस्तकात गेली. माझं हसू कुठे गेलं मला माहीत नाही. मी पाटी टेबलावर आपटली, मूठ धरली आणि पिळली. तारेने आणि डिंकाने बसवली होती. पाटीचा टवका निघाला, आरी हातात आली. समोरच्या बाईच्या सॅलडमध्ये लाकडाचे कण पडले. केदारच्या हातातला माईक मी काढून घेतला.

माझं जर्मन मोडकंतोडकं. तसंच बोललो. "हे बक्षीस नाही. हे माझ्या वडिलांचं हत्यार आहे. माझ्या बॅगेतून चोरलंय. दारावरच्या यादीत पहिलं नाव माझं होतं. माझी शील्ड कुठे आहे?"

राल्फ उठला. लाल झाला होता. "आल्झो... म्हणजे, ही तर गंमत होती," तो म्हणाला. "तू पुढच्या वर्षी जाणार. टॉर्स्टन राहणार. आणि केदार म्हणाला, तुमच्या कुटुंबाची ही परंपरा आहे, तुला अभिमान वाटेल."

अभिमान. केदारने माझ्या वतीने माझा अभिमान ठरवला होता. टॉर्स्टन शील्ड मांडीवर घेऊन तिच्यावरची अक्षरं वाचत बसला. मान वर केली नाही पठ्ठ्याने.

मी केदारकडे वळलो. मराठीत बोललो, पण माईकवर. त्या हॉलला एक अक्षर कळत नव्हतं आणि प्रत्येक अक्षर ऐकू जात होतं.

"हो, केदार. मी चांभार आहे. माझा बाप चांभार. आता तू काय आहेस, ते सांग या माईकवर. सांग की. परंपरा सांग तुझी."

केदारचा चेहरा पांढरा पडला. हळू आवाजात म्हणाला, "सीन नको करूस ना, प्लीज. अरे, आमच्या घरात जात वगैरे कुणी पाळत नाही."

"मग सांगायला काय जातंय?"

नाही सांगितली. माझी जात ऐंशी माणसांत सोनेरी रंगवून मांडणाऱ्याला स्वतःची उच्चारता येईना. मी माईक त्याच्या छातीशी धरून उभा होतो. माईकमधून त्याचा श्वास ऐकू येत होता. मी तो टेबलावर ठेवला आणि आरी घेऊन बाहेर पडलो. बाहेर सायकलींच्या स्टँडजवळ बसलो आणि रडलो. लाजेने नाही. आपण हसलो कसे, त्या रागाने.

मंगळवारी सरावाला गेलो. सगळ्यांना वाटलं होतं, येणार नाही. माझ्या बाकावर तीन बॉल ठेवलेले! माणसं शिकत नाहीत. तिन्ही उचलून मी केदारच्या बाकावर नेऊन ठेवले, उसवलेली बाजू वर करून.

सरावानंतर राल्फने ऑफिसात बोलावलं. म्हणाला, चूक झाली. म्हणाला, तुझ्यासाठीही एक शील्ड बनवून घेतो, पुढच्या आठवड्यात इथे येऊन घेऊन जा. माणूस मनाने वाईट नव्हता. एवढंच, की गुपचूप मिटवायला बघत होता.

मी म्हणालो, "ऐंशी माणसांसमोर हसलात. त्या ऐंशी माणसांसमोर, त्याच माईकवरून द्या. ऑफिसात नको."

"ते आता शक्य नाही."

"मग राहू द्या."

त्याच्या पुढच्या रविवारी फोनवर अप्पांना सगळं सांगितलं. आरी चोरीला गेली इथपासून. फूटवेअरचं शॉप सांगायचो, तेही. मग अप्पा म्हणाले, "कशाला तोंडाला लागलास बाबा त्यांच्या? एवढ्या लांब एकटा हायेस. घ्यायचं हसून. आम्ही न्हाई का घेतलं?"

घेतलं त्यांनी. तीस वर्षं घेतलं. चपलेचा अंगठा शिवून दिला की लोक पैसे वरून टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून, आणि अप्पा ते मातीतून उचलताना हसायचे. तेच हसू घेऊन मी जर्मनीत आलो होतो. मेन्झात माझ्या तोंडावर आलं ते तेच. मला बापाचा राग आला. बापाला हसायला लावणाऱ्यांचा त्याहून जास्त आला.

"अप्पा," मी म्हणालो, "तुम्ही घेतलं. मी न्हाई घेणार. एकदा हसलो ते बास झालं."



आरीचा रंग मी घासून काढला. खळग्यात थोडा राहिलाय, तो निघत नाही. तेव्हापासून मराठी माणसांत बसलो आणि कुणी "कुठले तुम्ही?" सुरू केलं की त्याचं वाक्य संपायच्या आत मी सांगतो. जिल्हा नंतर. आधी जात, आधी बापाचं काम. मग त्याला विचारतो, तुम्ही? बघतो, कुणाची जीभ अडखळते. पट्टे कुणाचेही शिवून देईन, पण तोंडाने मागितले तर. बाकावर टाकून गेलेलं उचलणार नाही.

फोन ठेवायच्या आधी अप्पांनी विचारलं होतं, "मग खिळ्याचं काय करू? कॅलेंडर लावू का?"

"काही लावू नका," मी म्हणालो. "रिकामा राहू द्या. कुणी विचारलं तर सांगा, देत होते, पोरानं घेतलं नाही."