न्यूट्रलमध्ये फिरलेलं चाक

१९७४ च्या हिवाळ्यात आमचं युनिट नाशिकला होतं. मी ड्रायव्हर. सकाळी एमटी पार्कात, म्हणजे लष्करी वाहनतळावर, गाड्या सुरू करायची आमची एक रीत होती. एकाने गियरचा दांडा तपासून ओरडायचं, "न्यूट्रल ठीक!" मग दुसऱ्याने स्टार्टर द्यायचा. माझा जोडीदार सटाण्याकडचा शिपाई गांगुर्डे. त्याच्या शब्दावर मी डोळे झाकून इंजिन सुरू करायचो.

त्या दिवशी थंडी कडाक्याची होती. ब्रेकच्या कामासाठी ट्रकचं एक मागचं चाक स्टँडवर उचललेलं. गांगुर्डे ओरडला, मी स्टार्टर दिला आणि ते चाक हळूहळू फिरायला लागलं. नेमके तेव्हाच सुभेदार साहेब आले.

"गाडी गियर में है! चेक किसने किया?"

"मी, साहेब. न्यूट्रलच आहे," गांगुर्डे म्हणाला.

साहेब माझ्याकडे वळले. "तू बोल."

चाक फिरतंय म्हणजे गियर पडलाय, एवढीच माझी अक्कल. त्यात साहेबांपुढे माझी बोबडी वळलेली. दांड्याला हातही न लावता मी म्हणालो, "गियर राहिला असेल, साहेब."

"गांगुर्डे, छुट्टी कॅन्सल."

त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. दोन दिवसांनी तो घरी निघणार होता.

गांगुर्डे ट्रकच्या मागे गेला आणि फिरत्या टायरवर दोन्ही तळवे दाबून धरले. चाक थांबलं. इंजिन चालूच होतं.

"गियरात असती तर हातानं थांबली असती का, साहेब? थंडीनं गियरबॉक्सातलं तेल घट्ट झालंय. आतले फिरते दाते तेल ओढतात, तेल चाकाला ओढतं. चाक जमिनीवर टेकलेलं असतं तर हललंही नसतं."

साहेबांनी स्वतः दांडा हलवून पाहिला. "छुट्टी जाएगा," म्हणाले आणि पुढे गेले. लाइनीतले सगळे ड्रायव्हर माझ्याकडे बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गांगुर्डे रजेवरून पेढे घेऊन आला. पहिला मलाच दिला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी डोंगरातल्या रस्त्यावर त्याची गाडी दरडीखाली गेली. तो वाचला नाही. त्याच्या सामानाची पेटी गावी पोचवायचं काम माझ्याकडे आलं. ओट्यावर त्याचे वडील बसले होते. त्यांनी मला पाणी दिलं आणि अहिराणीत विचारलं, "तूच त्याना जोडीदार शे ना?"

मी हो म्हणालो. त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.