हनोख फिरायला जातात

आमच्या घराण्यात हनोख नावाची माणसं मरत नाहीत. ती फिरायला जातात.

बायबलमधला मूळपुरुष हनोख देवासोबत चालत राहिला आणि एके दिवशी दिसेनासाच झाला, कारण देवानं त्याला नेलं. त्याचं नाव लावणारे आमचे पणजोबाही असेच सुरगाण्याच्या घाटात फिरायला गेले ते गेलेच! (त्यांनी सुरतेला बेकरी काढली असं काही जळके नातेवाईक म्हणतात. आम्ही त्यांना नाताळच्या करंज्या पाठवत नाही.) तेव्हापासून एक पिढी सोडून घरात हनोख असतोच. मी सुटलो. माझे पप्पा हनोख. आणि आता पाळी माझ्या तान्ह्या मुलाची.

बायको करुणा मात्र हटून बसली होती. "नेऊन टाकणारं नाव माझ्या लेकराला नको! दुसरं कुठलंही ठेवा."

"मग मी उद्या बाप्तिस्म्याला येत नाही," पप्पा म्हणाले आणि तोंडावर चादर ओढून झोपले.

रविवारी उजाडलं तेव्हा असं धुकं होतं, की अंगणातली स्कूटर मला चाचपून शोधावी लागली. पप्पांचं अंथरूण रिकामं. पांढरा सदरा, पांढरा लेंगा घालून ते पहाटेच फिरायला निघून गेले होते. प्रार्थनेची वेळ झाली तरी पत्ता नाही. दिंडोरी रस्त्यालगतच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत तेव्हा मोबाईल कुणाकडे? मी, पाळकसाहेब आणि शेजारच्या मार्था मावशी शोधायला निघालो.

कबरस्तानाच्या मागं द्राक्षबागा. ओल्या मातीत पप्पांच्या पावलांचे ठसे स्पष्ट उमटलेले. आम्ही मागोमाग. बाग एवढी गप्प, की पानावरून दव गळलेलं ऐकू यावं. आणि एके ठिकाणी ठसे संपले! पुढं काही नाही. फक्त पप्पांच्या चपला, शेजारी शेजारी, नीट लावून ठेवलेल्या.

"पवित्र भूमीवर पायताण काढायचं असतं," मार्था मावशी कुजबुजल्या.

तेवढ्यात पाळकसाहेबांना चपलांलगत चाकांच्या खुणा दिसल्या. रुंद, खोल, नांगी उगारल्यासारख्या नक्षीच्या!

"रथ!" मी ओरडलो. "एलीया संदेष्ट्याला न्यायला आला होता तसा!"

"अग्निरथच," मावशी नाक वर करून म्हणाल्या. "धुराचा वास येतोय बघ."

खरंच येत होता. मी गुडघ्यांवर पडलो, आभाळाकडं तोंड केलं आणि आयुष्यातली सर्वांत भक्तिपूर्ण हाक मारली, "पप्पा! कपाटाच्या चाव्या कुठं ठेवल्यात?"

आभाळ गप्प.

देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बाप्तिस्म्याऐवजी माझी साक्ष सुरू झाली. माझ्या साक्षीत तोवर त्या रथाला चार पांढरे घोडे जुंपले गेले होते. करुणा बाळाला छातीशी घट्ट धरून रडत होती. "आता तर मुळीच नाही! जिवंत माणूस नेला त्यानं!"

"अगं, भाग्य म्हणतात याला!" मी गरजलो. "अशी माणसं परत येत नसतात!"

कर्रर्र करून दार उघडलं. धुक्याचा लोट आत आला आणि त्यातून एक माणूस. अनवाणी. कपडे पांढरे, पण तोंड, हात, मिशा सगळं निळं! सगळी मंडळी बाकांखाली. मार्था मावशी तर तबल्यावरच कोसळल्या. निळ्या माणसानं हळूच हात उचलला.

"सलाम, मंडळी. कोण गेलं?"

"तुम्हीच गेलात, पप्पा," मी बाकाखालून कळवलं.

"मी बागवाल्या नामदेवच्या ट्रॅक्टरवर बसून दिंडोरीला गेलो होतो, गाढवा! नातवाच्या बाप्तिस्म्याला द्राक्षं नकोत? चपलांना मणभर चिखल, म्हणून काढल्या. तिथं बागेवर मारायच्या निळ्या मोरचुदाच्या फवाऱ्याची नळी फुटली, सगळं माझ्या तोंडा-हातांवर!"

मग ते करुणाजवळ जाऊन बसले. आवाज एकदम उतरला.

"पोरी, हनोख म्हणजे वाहून दिलेला, शिकवून तयार केलेला. तो देवासोबत तीनशे वर्षं चालला, ते कुणी बोलत नाही. ‘नेलं’ हे तर शेवटी दोन शब्दांत आलंय. नाव चालण्याचं आहे गं, जाण्याचं नाही. पण तुला भीती वाटत असेल तर राहू दे. मी तरी परत आलोच ना!"

करुणानं पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि पाळकसाहेबांना म्हणाली, "हनोखच ठेवा. पण एक अट. याला एकटं चालू द्यायचं नाही. याचा बाप रोज सोबत जाईल."

मी कोपऱ्यावर काडेपेटी आणायलासुद्धा स्कूटर काढणारा माणूस!

आता हनोख माझ्यापेक्षा हातभर उंच आहे आणि धुक्यात ढांगा टाकत असा पुढं जातो, की दिसेनासा होतो. पण न्याहारीला वेळेवर हजर. घराण्यातला एकच माणूस आजवर खरोखर उचलून नेला गेलाय. मागच्या हिवाळ्यात द्राक्षबागेपाशी माझे गुडघे धरले, आणि नामदेवनं मला घरी आणलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कोबीच्या ढिगावर, आडवा.