एवढी चोख सुई

आईला इन्सुलिन सुरू झालं तेव्हा आम्हा बहीणभावांना धास्ती होती ती टोचून घेण्याची. ते ती पहिल्याच दिवशी शिकली. पेनाला सुई कशी लावायची, पोटावर कुठं टोचायचं हे डॉक्टरांनी दाखवलं, आणि आईनं "एवढंच होय?" म्हणत त्यांच्यादेखत टोचूनही घेतलं. गाडी अडली ती सुई टाकण्यापाशी. वापरलेली सुई पुन्हा वापरायची नाही, मोकळी कचऱ्यात टाकायची नाही, जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमा करायची, आणि बाटली भरत आली की झाकण चिकटपट्टीनं बंद करून दवाखान्यात आणून द्यायची. हे ऐकताना आई माझ्याकडे अशी पाहत होती, जणू मीच भाकरीचा एक घास खाऊन बाकीची उकिरड्यावर टाकायला सांगत होते.

"नवी कोरी सुई, एवढी चोख! एकदा टोचली का फेकली? काहून?"

वर्षभर ती कधी माझ्याकडे अमरावतीला, कधी भावाकडे अकोल्याला राहिली. आमचं गाव मूर्तिजापूरजवळ, दोघांच्या मध्ये. येता-जाता मूर्तिजापूर आलं की तिची चुळबुळ सुरू व्हायची. "उतरवून द्या न मले इथंच," ती म्हणायची आणि आम्ही हसण्यावारी न्यायचो. यंदा कापूस फुटायला लागला आणि तिनं हट्टच धरला, मी माझ्या घरी राहणार. मी शाळेत शिकवते, त्यामुळे अटी घालायची मला खोड आहे. मी बोली केली: महिनाभर राहून दाखव. इंजेक्शन वेळेवर आणि सुया बाटलीत. यात कसूर झाली, तर अकोल्यात जठारपेठेला भावाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी कायमचं. आईनं मान डोलावली आणि पिशवी भरायला घेतली.

महिन्यानं एका रविवारी मी तपासणीला गेले. आई तुकतुकीत दिसत होती. पुढच्या खोलीत कापसाचा ढीग, अंगणात वाळवण, आणि फ्रिजमध्ये पेन एका स्टीलच्या डबीत, भाज्यांचा वास लागू नये म्हणून. मशीनवर साखर तपासली, तीही छान होती. मी खुशीतच न्हाणीजवळच्या फळीवरची बाटली उचलली. कपडे धुवायच्या लिक्विडची ती निळी बाटली मीच तिला दिली होती. हलवून पाहिली तर आत चारदोन सुया खुळखुळल्या. महिनाभराच्या सुया, आणि बाटली जवळजवळ रिकामी!

अंगणात जाऊन भावाला फोन लावला.

"फेकत असंन थे उकिरड्यावर," तो म्हणाला. "एखाद्या दिवशी कोनाच्या पायात घुसंन नाही तर गाईच्या पोटात जाईन. आजच्या आज घेऊन ये तिले."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला त्याचा राग आला.

"आई, सुया कुठं आहेत?"

"आहेत न."

"कुठं?"

"जिथल्या तिथं आहेत. चहा घेतं का?"

एवढ्यात शेजारची एक बाई लंगडत दारात आली आणि पायरीवर टेकली. "काकी, थे तुमची बारीक सुई द्या बरं. सराटा घुसला पायात."

आईनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग चहाच्या भांड्याकडे. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे सुईवाचून घर चालत नाही. पायात सराटा, बोटात कपाशीच्या वाळल्या बोंडाचं टोक, कुणाच्या ना कुणाच्या काही ना काही रुतलेलं असतंच. शिवायची सुई जाड, आणि हवी तेव्हा सापडत नाही. ही इन्सुलिनची सुई केसासारखी बारीक, धरायला मागून प्लास्टिकचं बूड आणि वरून टोपण. आईनं महिनाभरात ती आख्ख्या गल्लीला वाटली होती.

"उकयून देल्या मी," ती ताठ मानेनं म्हणाली. "मी काय येडी आहो?"

मला आधी हसू फुटलं. पोट धरून हसले. मग गल्लीतल्या बायांचे पाय डोळ्यांपुढे आले आणि हसू जागच्या जागी विरलं. मी तिच्याजवळ बसून नीट सांगितलं. सुईच्या आत पोकळी असते, तिथं रक्त राहतं. पातेल्यात उकळून ते जातंच असं नाही. काही काविळी रक्तातूनच लागतात.

"माह्या रक्तात काय आहे व?"

"तुझ्या नसेलही काही. पण हिच्या पायातून काढलेली सुई तिच्या पायात गेली, तर एकीचं दुसरीला."

पायरीवरच्या बाईनं पाय हळूच लुगड्यात ओढून घेतला. आईनं तो ओढून घेतलेला पाय पाहिला. मग उठली, निळी बाटली घेतली आणि चपला घालून बाहेर पडली. मी मागोमाग.

तिची ती वसुली मी जन्मात विसरणार नाही. एका घरात सुई कॅलेंडरला टोचलेली, एका घरात दोऱ्याच्या रिळात, एकीनं तर देव्हाऱ्याच्या कोनाड्यात जपून ठेवलेली. आई बाटली जमिनीवर ठेवायची, चार पावलं मागं सरायची आणि हुकूम सोडायची, "तूच टाक. बाटली हातात धरू नको, लागंन. टोकाकून नाई, बुडाकून धर." दवाखान्यातलं एकूण एक वाक्य तिच्या ध्यानात होतं. एक म्हातारी अडून बसली. "देलेली वस्तू वापस मागतं काय व?"

"मागून राहिली मी. आन तुह्या सुनेजोळ आहे थे बी आन."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी सुई वापरलेल्या सगळ्या बायांचं रक्त तपासायला लावलं, आणि कुणालाही काही झालेलं नव्हतं. पण त्या दुपारी हे काही माहीत नव्हतं. आईचं तोंड काळवंडलं होतं. घरी येऊन तिनं बाटली जागेवर ठेवली, हात साबणानं खसखसून धुतले आणि आतल्या खोलीत गेली. पाहते तर ती पिशवीत लुगडी भरत होती.

"चाल. सोड मले अकोल्याले. बोली म्हंजे बोली."

मला बरं वाटायला हवं होतं, पण मला रडू यायला लागलं. "तुला इतकं माहीत होतं, मग दिल्या कशाला?"

ती घडी घालत राहिली. "तुमच्या दोघाईच्या घरी सारं भेटते मले. पानी बी हातात आनून देता. पन वरीसभरात माह्याजोळ कोनी काई मागतलं नाई. इथं रोज कोनी न कोनी दारात येते. काकी, द्या म्हनते."

आम्ही तिला काही करू देत नव्हतो, आणि त्यालाच सुख म्हणत होतो.

"काकी," बाहेरून आवाज आला, "माह्या पायाचं काय?"

ती बिचारी अजून पायरीवरच होती! मी धावत कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि शिवायच्या सुयांची नवी पाकिटं घेऊन आले, घरटी एक. ज्या घरची सुई त्याच घरानं वापरायची, हा नियम आईनं जागच्या जागी करून टाकला. मग पाय धुतला, सुई तापवली, आणि त्या थोराड बाईचा पाय आपल्या मांडीवर ओढला. "काय लेकरासारखी कुथून राहिली? थांब जराशी!" माझ्या घरी पंखा लावायचा तरी आई मला विचारत होती. मी पिशवीतली लुगडी काढून परत कपाटात ठेवली.

भावाचा फोन आला. मी स्पीकर सुरू केला आणि आईच्या तोंडापाशी धरला, कारण तिचे हात गुंतले होते.

"आई, निघाल्या का तुमी?"

"आता नाई येत," आई म्हणाली. "येईन न सवडीनं. दोन दिवस राहीन, पाव्हनी म्हनून."

"सगळ्या सुया बाटलीत आल्यात, आणि इथं रोज कुणीतरी तिच्याकडे काही मागायला येतं," मी मध्येच म्हटलं. मग भाऊ अगदी हळू आवाजात म्हणाला, "बरं. येताना काय आनशीन मग माह्यासाठी?"

आणि आईचा चेहरा असा काही फुलला, की मी फोन तसाच धरून तोंड दुसरीकडे फिरवलं.