रेडिओवरचा हक्क

हक्कसोडपत्रावर सही केली त्याच दुपारी मी दादाकडे आबांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, रेडिओ मागितला.

सही रजिस्ट्रार कचेरीत झाली. गास गावातली वाडी, घर, विहिरीकडचा तुकडा, सगळ्यावरचा माझा हक्क मी भावाच्या नावे सोडला. आमच्याकडे बहिणी अशा सह्या करतात. कोणी जबरदस्ती करत नाही, कोणी विचारतही नाही. पेन पुढे केलं जातं. सही झाल्यावर वहिनीनं साडी दिली आणि आम्ही सगळे जेवायला गासला गेलो. जुनं घर पाडून दादा तिथे बंगला बांधणार होता, म्हणून माळा रिकामा करणं चालू होतं. फुटके पाट, गंजलेले डबे, आणि त्यांच्यामागे गोणपाटात गुंडाळलेला आबांचा जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा रेडिओ.

"हा मी नेऊ?" मी विचारलं.

"ने की. भंगारवाल्याला देनारच होतो," दादा म्हणाला. "पन करनार काय त्याचं?"

"वाजवणार."

तो हसला. "उंदरांनी घर केलंय त्यात. तू वाजवनार!"

ते हसणं मला लहानपणापासून ओळखीचं होतं. आबांचं आपलं साधं शेतकरी घर, पण रेडिओ मोठ्या हौसेनं घेतलेला. ओटीवरच्या फळीवर तो असायचा आणि त्याला हात लावायचा तो आबांनी, नाहीतर दादानं. दादा माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा. मी एकदा बटण फिरवलं तर आबांनी हातावर चापट मारली. "पोरींनी हात लावायचा नाय. शॉक लागतो." मग दादाला का लागत नाही, असं मी विचारलं आणि दुसरी चापट खाल्ली.

आणि पुढे अख्खी नोकरी माझी विजेच्या सामानातच गेली. अंधेरीला एका कारखान्यात अठरा वर्षं मी सोल्डर मारत होते, म्हणजे कथील वितळवून तारांचे जोड डागत होते. लांबलचक बाकावर ओळीनं बसलेल्या आम्ही बायका, आणि समोरून सरकत जाणाऱ्या सर्किटच्या पट्ट्या. प्रत्येकीचे जोड ठरलेले. माझे आठ. आठ जोड मारायचे आणि पट्टी पुढे ढकलायची. पुढे त्याचं काय होतं हे विचारलं की सुपरवायझर म्हणायचा, "बोटं तुमची, डोकं आमचं." मग एक दिवस कारखाना बंद झाला. अठरा वर्षांत मी हात लावलेली एकही वस्तू पूर्ण होऊन चालू झालेली मी पाहिली नव्हती.

म्हणून रेडिओ मांडीवर घेऊन रिक्षानं आचोळ्याला घरी येताना मी मनाशी पक्कं केलं. हा मी सगळा करणार. पहिल्या जोडापासून शेवटच्या जोडापर्यंत.

बाल्कनीत जुनं टेबल लावलं. मागचा पुठ्ठा काढला तर आत खरंच उंदराचं घरटं. भाताचं तूस, कुरतडलेला कागद, वायरींचं उघडं तांबं. दोन दिवस रंगाच्या ब्रशनं नुसती सफाई केली. मग वहीत एकेका वायरीचं चित्र काढलं, कुठून निघते आणि कुठे जाते. मोबाइलवर बघून त्याच्यासारख्याच सेटचा नकाशा शोधला आणि वहीशी ताडून पाहिला. मेणाचे जुने कंडेन्सर उकलून गेले होते. ते एकेक काढले, नवे बसवले. इतक्या वर्षांनी हातात सोल्डरिंग आयर्न धरली. जोड पहिल्यासारखाच चकचकीत, गोल बसला.

माझे यजमान खासगी कंपनीतून निवृत्त झालेले. स्वभाव मऊ, पण भित्रा. "अगं, दोनशे तीस व्होल्ट आहेत," ते दाराशी उभे राहून म्हणायचे.

"आत त्याहून जास्त आहेत," मी म्हणायचे. त्यानं त्यांना धीर येत नसे.

पाच व्हॉल्व्हपैकी एकाची काच आतून पांढरी पडली होती. म्हणजे हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. आगाशीच्या बाजारात एक जुने रेडिओ मेकॅनिक आहेत असं कळलं. दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकतात, ते स्वतः मागच्या खोलीत बसतात. यजमान म्हणाले, मीही येतो. तिथेच चूक झाली.

मी व्हॉल्व्ह पुढे ठेवला आणि म्हटलं, "हा रेक्टिफायर गेलाय. असाच दुसरा आहे का?"

मेकॅनिककाकांनी यजमानांकडे पाहिलं. "साहेब, सेट कुठला आहे तुमचा?"

"माझा आहे," मी म्हटलं.

"साहेब, असं करा, सेटच घेऊन या. मी बघतो. घरी नका उघडू. बाकीचे व्हॉल्व्हही जातील."

यजमान बिचारे माझ्याकडे बघत होते. मी पिशवीतून वही काढली आणि टेबलावर उघडून ठेवली. मग मोबाइलवर रेडिओच्या पोटाचा फोटो दाखवला. "काका, सेट उघडून महिना झाला. कंडेन्सर बदललेत. मला फक्त व्हॉल्व्ह हवाय. असेल तर द्या, नसेल तर नाही म्हणा. पण सांगा ते मला सांगा."

त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून पाहिला. बराच वेळ पाहिला. "हे जोड कोणी मारले?"

"हिनं," यजमान म्हणाले. त्या दुकानात त्यांच्या तोंडून निघालेला हा एकच शब्द, पण नेमका.

काका उठले, खोक्यांतून एक खोकं काढलं, व्हॉल्व्ह तपासून माझ्या हातात दिला. यजमानांच्या नव्हे. आणि म्हणाले, "बाई, चालू करताना आधी वायरीच्या वाटेत, सिरीजमध्ये, शंभर वॉटचा बल्ब घाला. बल्ब भगभगून मंद झाला तर ठीक. तसाच पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे, झटकन बंद करा. आणि सेट चालू असताना डावा हात पाठीमागे ठेवायचा. दोन्ही हात आत घालायचे नाहीत."

घरी येऊन तसंच केलं. बल्ब पेटला आणि पेटतच राहिला. बंद केलं. दोन दिवस शोधलं तेव्हा उंदरानं सोललेली एक वायर चेसिसच्या पत्र्याला टेकलेली सापडली. ती बदलली. पुन्हा लावला. बल्ब भगभगला, मग हळूहळू मंद झाला, आणि व्हॉल्व्हच्या काचांमध्ये तांबूस उजेड आला. स्पीकरमधून नुसती घूं ऐकू येत होती. पण ती घूं ऐकूनसुद्धा माझ्या अंगावर काटा आला.

घाई तिथेच झाली. मी बंद केला, प्लग काढला, आणि लगेच हात आत घातला. मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते हे मला माहीत होतं. तरी घातला. कोपरापर्यंत असा दणका बसला की हातातला पेचकस बाल्कनीबाहेर गेला. यजमान धावत आले. मी खाली बसले होते, हात बधिर. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक होतं. पण यजमानांनी घाबरून दादाला फोन केला होता.

दादानं मला फोनवर बोलावून घेतलं. "आबा काय सांगायचे? ऐकलंस कधी कोनाचं?"

हात दुखत होता आणि मला रडू येत होतं, पण रडू दुखण्याचं नव्हतं. मी म्हटलं, "दादा, शॉक लागतो एवढंच आबांनी सांगितलं. कसा टाळायचा ते तुला शिकवलं, मला नाही. आज माझी मी शिकले." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाड रेझिस्टरला दोन चिमटे जोडून कंडेन्सर रिकामा करायची जोडणी बनवली. त्यानंतर ती लावल्याशिवाय हात आत घातला नाही. यजमान स्वतःहून लाकडी पाट घेऊन आले आणि माझ्या पायाखाली सरकवला.

पुढे स्पीकरचा फाटलेला कागद चिकटवला, स्टेशन दाखवणाऱ्या काट्याचा तुटलेला दोरा नवा ओवला, बाल्कनीच्या कपडे वाळत घालायच्या दांडीला एरियलची वायर बांधली. आणि एका सकाळी, साधारण अकरा वाजता, खरखरीतून एक बाई बोलायला लागली. मराठीत. भातावरच्या खोडकिड्याबद्दल सांगत होती. आम्ही दोघांनी उभं राहून खोडकिड्याची संपूर्ण माहिती ऐकली. मला तीत काही कमी पडलं असं आजवर वाटलेलं नाही.

यजमानांनी व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. पुढच्या रविवारी दादा आला. हातात मोजपट्टी होती.

त्यानं रेडिओ ऐकला. डोळे भरले त्याचे, ते खोटं नव्हतं. मग त्यानं पट्टी उघडली आणि रेडिओची लांबी मोजली. "नव्या हॉलमध्ये कोनाडा ठेवलाय. इंटिरिअरवाला म्हनतो, आतलं सगळं काढून ब्लूटूथ बसवू. बाहेरून पॉलिश. मस्त दिसेल."

"आतलं सगळं म्हणजे?"

"ते व्हॉल्व्ह-बिव्हॉल्व्ह."

"नाय देनार," मी म्हटलं. शाळेत, कारखान्यात घासून घासून गुळगुळीत केलेली माझी बोली त्या क्षणाला पुन्हा गासची झाली.

"आबांचा रेडिओ आहे. आबांच्या घरातच शोभनार."

"आबांच्या घरात तो माळ्यावर होता. तू भंगारात घालनार होतास."

"अगं, पन सगळ्यावरचा हक्क सोडलास ना तू? सही केलीस." तो हे अर्धवट हसत म्हणाला. पण म्हणाला.

मी उठून रेडिओ बंद केला. आवाज चढवायची गरज मला वाटली नाही. "केली. त्या कागदात वाडी आहे, घर आहे, विहीर आहे. रेडिओ नाही. घरी जाऊन वाच. आणि सही करताना मला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मी काही बोलले नाही. आज तू विचारतोयस. तर उत्तर हे आहे."

दादानं यजमानांकडे पाहिलं. भांडण दिसलं की चहा ठेवायला जाणारा हा माणूस. त्या दिवशी जागचा हलला नाही. "तिनं तीन महिने घातलेत त्यात," ते म्हणाले. "तिचाच आहे तो."

दादानं पट्टी गुंडाळली. चहा न घेता गेला.

राखीला मी गासला गेले. न जाण्यासारखं मी काही केलं नव्हतं. त्याला राखी बांधली, त्यानं ओवाळणी घातली. रेडिओचा विषय त्यानं काढला नाही आणि मीही नाही. निघताना वहिनी फाटकापर्यंत सोडायला आली. मागे वळून कोणी नाही ना बघितलं आणि हळूच म्हणाली, "वन्सं, बरं केलंत. मी पण माहेरी सही करून आलेय. तांब्याचा हंडा मागायचा होता, तेवढंही तोंड उघडलं नाही."

"अजूनही माग," मी म्हटलं. ती हसली, पण नाही म्हणाली नाही.

दादाशी बोलणं अजून पूर्वीसारखं नाही. होईल, किंवा नाही होणार. मी माफी मागायला जाणार नाही.

रेडिओचा शॉर्ट वेव्हचा पट्टा अजून मुका आहे. आगाशीचे काका म्हणतात, आतली तारेची कॉइल गेलीय, सोडून द्या, कोण ऐकतं आता. मी बारीक तांब्याची तार आणून ठेवलीय. काल तेरा वेढे मोजून घातले. चुकले. उकलले, आणि आज पुन्हा पहिल्यापासून घालायला बसलेय.