मामीची वीतभर सवत

मामीनं काडेपेटी उघडली, नाक मुरडलं आणि आतले काळे दाणे गुलाबाच्या कुंडीत झटकून टाकले. रिकामी पेटी दिली कुंडीमागे भिरकावून. मामा लेंड्या जपून ठेवतोय म्हणे!

मामा वेताच्या खुर्च्या विणतो, मामी त्याच खुर्च्यांच्या गाद्या शिवते. एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून, अठरा वर्षं. मामा दिवसात दहा शब्द बोलला तरी खूप. मग एकदा वेताच्या मोळीतली एक काडी चालायला लागली. वीतभर लांब काडीकिडा! मामानं तिला खोक्यात ठेवलं, नाव दिलं राणी, आणि त्याला वाचाच फुटली.

"राणी, कोवळं पान आणलंय बघ. राणी, ऊन लागतंय का गं?"

मामीच्या अंगाचा नुसता तिळपापड.

"मी तापानं फणफणले होते, तेव्हा मला विचारलंत का हो असं?"

"अगं, ती मुकी आहे बिचारी."

"आणि मी काय भोंगा आहे?"

"थोडीशी," मामा म्हणाला. दोन दिवस घरात भांडी आदळत होती.

आणि आता ही काडेपेटी! रोज चिमटा घेऊन खोक्यातून एकेक दाणा वेचायचा, त्यात ठेवायचा. मामीनं सोक्षमोक्षच लावला.

आठवड्यानं राणी मेली. वय झालं होतं तिचं. मामा खोकं चाचपत बसला. "काडेपेटी बघितलीस का गं? राणीची अंडी होती त्यात."

मामीनं मान शिवणात खुपसली. "मला काय माहीत!" बोलून गेली खरी.

मातीत बोटं घालून पाहिली. माती कुठली, अंडी कुठली, काही कळेना. मग मामा एका गिऱ्हाइकाला सांगत होता ते तिनं ऐकलं: ओल राहिली तर तीन-चार महिन्यांनी पिल्लं निघतात. झालं! मामीनं शिलाई मशीन ओढत गॅलरीत नेलं, कुंडीला खेटून.

"आत उजेड नाही," म्हणाली.

मामाही विणायची खुर्ची घेऊन समोर येऊन बसला. "खरंच नाही."

त्याची पाठ वळली की मामी कुंडीवर पाणी शिंपडायची. पुटपुटायची, "मेली तरी माझ्याकडून चाकरी करून घेतेय, भवानी."

चौथ्या महिन्यात गुलाबाच्या काट्यावरून एक दोरा चालत निघाला.

"अहो!" मामी किंचाळली. मामानं बोट पुढे केलं, तर फटकन मारलं. "हात नाही लावायचा! तुमची गेली. ही माझी आहे."

आता मामा पिल्लाशी बोलायला गेला की मामी मशीन थांबवून कान देते. "काय गुलूगुलू चाललंय? मलापण सांगा."

मामानं परवा मला एक गंमत सांगितली. काडेपेटीचं त्यानं मामीला विचारलं ना, त्याच संध्याकाळी त्याला ती कुंडीमागे रिकामी सापडली होती. मी विचारलं, मग इतके महिने गप्प का बसलास?

"बोललो असतो तर तिनं मशीन परत आत नेलं असतं. मग पुन्हा पाठीला पाठ."