खिशातली टरफलं

आमची आत्या इस्त्रीचं दुकान चालवते. कपडा गिऱ्हाइकाचा असो की घरचा, खिसे तपासल्याशिवाय ती इस्त्री फिरवत नाही. त्यामुळे आतोबांची चोरी कधीच लपली नाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो समोर धरून बजावलं होतं की आता सिगारेट सुटली नाही तर छाती साथ देणार नाही. तरी शर्टाच्या खिशात तंबाखूचा भुगा सापडायचाच. मग आत्या दोन दिवस अबोला धरायची आणि त्या अबोल्यापायी आतोबा आणखी एक ओढायचे.

त्यांचं म्हणणं, धुराचं काही नाही, पण हात आणि तोंड रिकामं राहवत नाही. आत्याने ते मनावर घेतलं. लाल भोपळा चिरला की बिया काढून, बुळबुळीत गर चोळून धुवायची. पहिल्या खेपेला वर्तमानपत्रावर पसरल्या, तर बियांना बातम्याच चिकटल्या. मग इस्त्रीच्या टेबलाजवळ, उबेला, जुन्या चादरीवर चार दिवस वाळवल्या, मंद आचेवर भाजल्या आणि दुपारभर बसून एकेक सोलून वाटी भरली. आतोबांनी ती दोन घासांत संपवली, छान झाल्यात म्हणाले आणि पाय मोकळे करायला म्हणून कोपऱ्यावरच्या पानटपरीकडे गेले. जित्याची खोड, दुसरं काय! मला तर त्यांचा संताप आला.

असं तीन-चारदा झालं. मग शाळा सुरू व्हायचा आठवडा आला आणि दुकानात गणवेशांचा डोंगर झाला. आत्याने बिया तशाच आतोबांपुढे ठेवल्या. "खायच्या तर सोलून खा. मला आज मरायला फुरसत नाही."

आतोबा कुरकुरत स्टुलावर बसले. दातांनी कड फोडायची, नखाने टरफल काढायचं, इवलासा दाणा तोंडात टाकायचा. गणवेशांचा ढीग निम्मा झाला तरी वाटी संपेना. आत्याने न राहवून विचारलं, "आज कोपऱ्यावर नाही जायचं?"

"थांब गं, अजून बऱ्याच राहिल्यात."

मग आत्याच्या लक्षात आलं. इतके दिवस लाड करण्याच्या नादात तिनेच त्यांच्या हातचं काम काढून घेतलं होतं. त्या दिवसापासून तिने एक बी सोलली नाही.

महिन्याभराने मी दुकानात टेकले होते, तेव्हा तिने आतोबांचा शर्ट घेतला आणि सवयीने खिशात हात घातला. टरफलं निघाली. तिने खिसा उलटा करून झटकला, नाकाशी नेला. नुसती टरफलंच. खिशातल्या कचऱ्यावर जन्मभर चिडलेली माझी आत्या ती मूठ घट्ट धरून रडली.

मग डोळे पुसून मला म्हणाली, "जा, भोपळा घेऊन ये. मोठा बघून आण."