दुकानातली एक दुपार

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी आठवड्यातून तीन दिवस, सकाळी, एका संस्थेत जाऊ लागले. संस्था म्हाताऱ्या माणसांचे डोळे तपासून फुकट चष्मे द्यायची. रांगेतल्यांची नावं लिहून घ्यायचं काम माझं. पगार नव्हता, मी मागितलाही नसता.

नागपुरातल्या महाल भागात आमच्या गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं लहानसं दुकान होतं. दुकानदार उमरेडच्या विणकरांच्या घरातला. घरचे माग बंद पडल्यावर तो नागपूरला येऊन काचा घासायला शिकला होता. संस्था आली तसं त्याचं गिऱ्हाईक आटत गेलं, तरी मला पाहिलं की नमस्कार करायचा. एकदाच म्हणाला, "बाई, तुमच्या संस्थेले जागा फुकट, टॅक्स माफ, तुमच्यासारखी माणसंबी फुकट. मी मात्र जीएसटी भरून राहिलो."

मी हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं, कुणास ठाऊक.

उन्हाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. आठवडाभरानं त्याची बायको माझ्या दारात उभी.

"बाई, महिनाभर सकाळी दुकानात बसता का? मले यांच्याजवळ राहा लागते. तयार चष्मे तेवढे लोकांले द्यायचे."

"सकाळी माझं संस्थेचं काम असतं."

"तीनच दिवस नं?"

मी पदर सारखा केला.

"तिथं फुकट बसता, मंग आमच्या इथं काहून नाही?"

उत्तर होतं, पण तिच्या तोंडावर बोलण्यासारखं नव्हतं. संस्थेत मी सेवा करत होते. दुकानात बसले असते तर लोक म्हणाले असते, बाईंना पेन्शन पुरत नाही वाटतं. शिवाय दुसऱ्याच्या नफ्यासाठी आपण का राबायचं, असंही मनात आलं. नफा! तिच्या चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला होता.

"बघते," एवढंच मी म्हणाले. ती समजली. पुन्हा आली नाही.

पावसाळा सरताना एका दुपारी दुकानाचं शटर अर्धं वर दिसलं. आत ती एकटीच फ्रेमा खोक्यात भरत होती. दुकान सोडून दोघं उमरेडला दिराकडे निघाली होती.

"मी बसते आता सकाळी," मी बोलून गेले.

"आता कायले, बाई?" तिच्या आवाजात राग नव्हता. "ते टोक धरा जरा."

आम्ही दोघींनी भिंतीवरचा आरसा उतरवला, कपाट रिकामं केलं. एका डब्यात लोकांनी न नेलेले चष्मे होते, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. डबा तिनं माझ्या हातात दिला. "तुम्ही ओळखता सगळ्यांले. पोचवून द्या."

मी घरोघरी फिरले. एक म्हातारी म्हणाली, "मले संस्थेचा भेटला, हा नको." चिठ्ठ्यांवरच्या नावांपैकी दोघं वारले होते.

पुढच्या वर्षी दुकानदारही गेल्याचं कळलं. मी उमरेडला भेटायला गेले नाही. संस्थेत मात्र अजून जाते. रांग काही कमी होत नाही.